फाउंडर्स ऑनलाइन: वॉशिंग्टनच्या सरकारला मिळालेला कायद्याचा सल्ला इथे सापडतो, पण सगळा नाही

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची ‘फाउंडर्स ऑनलाइन’ ही साइट जून २०१३ पासून सगळ्यांना फुकट खुली आहे. लॉगिन नाही, वर्गणी नाही. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, जॉन अ‍ॅडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन आणि मागाहून भर पडलेले जॉन जे, अशा सात ‘फाउंडर्स’चे, म्हणजे राष्ट्रसंस्थापकांचे, कागद इथे आहेत. या परीक्षणात प्रश्न एकच ठेवला आहे: नव्या सरकारातल्या अधिकाऱ्यांना कायद्याचा सल्ला कोण आणि कसा देत होतं, हे शोधायला ही साइट किती कामाची? वॉशिंग्टनच्या कारकिर्दीसाठी, म्हणजे १७८९ ते १७९७, हिच्या तोडीचं फुकटातलं दुसरं साधन नाही. त्यापुढे मात्र जपून.

सुरुवात राष्ट्रीय बँकेच्या विधेयकाच्या प्रकरणापासून करावी, कारण त्यात प्रश्न, उत्तरं आणि निर्णय दोन आठवड्यांत आटोपतात. तारखेच्या रकान्यात १२ ते २५ फेब्रुवारी १७९१ टाका, ‘बँक’ हा शब्द अर्थात इंग्रजीत द्या. अ‍ॅटर्नी जनरल (सरकारचे कायदा सल्लागार) रँडॉल्फ यांचं मत १२ तारखेचं, परराष्ट्रमंत्री जेफरसन यांचं १५ तारखेचं. दोघांचंही म्हणणं एकच, की राष्ट्रीय बँक काढण्याचा अधिकार काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) घटनेनं दिलेला नाही. १६ तारखेला वॉशिंग्टन ही दोन्ही मतं अर्थमंत्री हॅमिल्टनकडे धाडतात. त्यांचं बँकेच्या बाजूचं लांबलचक उत्तर २३ तारखेचं, आणि २५ ला विधेयकावर सही. दरम्यान, नकाराधिकार वापरायचाच झाला तर संदेश तयार असावा म्हणून मॅडिसनलाही मसुदा करायला सांगितलं होतं.

या ढिगात एक छोटी चिठ्ठी आहे, ती चुकवू नका. २३ तारखेलाच वॉशिंग्टन हॅमिल्टनना विचारतात की, घटनेप्रमाणे हे विधेयक मला नेमकं कधीपर्यंत ठेवून घेता येईल? विधेयक हाती आलं सोमवारी, १४ ला. हॅमिल्टनचा हिशेब असा: मिळाल्याचा दिवस धरायचा नाही, रविवार धरायचा नाही, म्हणजे दहा दिवस शुक्रवारी, २५ ला भरतात, त्या दिवशी सभागृह बसलेलं असताना केव्हाही परत केलं तरी चालेल. कारकुनी थाटाचा प्रश्न आणि तसंच उत्तर, पण कायद्याचा सल्ला प्रत्यक्षात दिसतो तो असाच. मोठमोठ्या घटनात्मक निबंधांपेक्षा यातून जास्त कळतं.

दुसरं प्रकरण १७९३ चं. इंग्लंड-फ्रान्स युद्धात तटस्थ राहायचं ठरलं, पण फ्रान्सशी १७७८ चे करार होते. फ्रेंचांना अमेरिकी बंदरात लढाऊ जहाजं सज्ज करता येतील का? दोन्ही पक्षांना व्यापारी जहाजं विकता येतील का, आणि विकलीच तर त्यांना तोफांसाठी भोकं पाडलेली चालतील का? असे २९ प्रश्न काढून जेफरसननी १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना लिहिलं. ८ ऑगस्टला सरन्यायाधीश जे आणि सहकाऱ्यांचा विनम्र नकार आला: मत मागायचं तर राष्ट्राध्यक्षांना घटनेनं खातेप्रमुख दिलेत. (आपल्या कलम १४३ खाली राष्ट्रपती सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागू शकतात, अमेरिकेत ती वाट तेव्हापासून बंदच.) पण तारखा नीट बघा. मंत्रिमंडळानं तटस्थतेचे आठ नियम ३ ऑगस्टलाच ठरवले होते आणि ४ तारखेला हॅमिल्टननी ते कस्टम्स कलेक्टरांना परिपत्रकानं कळवलेही होते. म्हणजे नकार पोचायच्या आधीच सरकारचं काम पुढे गेलेलं. शिवाय हे परिपत्रक वाचलं की सल्ला धक्क्यावर कसा उतरतो ते दिसतं: कुठली सज्जता बेकायदा, कुठली व्यापारी जहाजाला चालण्यासारखी, आणि गडबड दिसली तर गव्हर्नरला व जिल्ह्याच्या सरकारी वकिलाला कळवायचं.

आता अडचणी. एकच पत्र दोन-तीनदा समोर येतं, कारण जेफरसननी वॉशिंग्टनना लिहिलेलं पत्र दोघांच्याही ग्रंथमालेत असतं. अशा वेळी दोन्ही उघडा. तळटिपा वेगळ्या असतात, आणि खरा माल तळटिपांतच आहे. तारीख चौकटी कंसात असेल तर ती संपादकांनी ठरवलेली, कागदावरची नव्हे. हॅमिल्टनचं बँकेवरचं मत मसुदा आणि अंतिम पाठ अशा वेगवेगळ्या पानांवर आहे. उद्धृत करताना लोक हमखास मसुद्यातलं वाक्य उचलतात. स्पेलिंग मूळ कागदाप्रमाणेच ठेवलंय, त्यामुळे आजच्या स्पेलिंगनं शोधलं की निकाल गळतात. त्यापेक्षा लेखक, प्राप्तकर्ता आणि कालखंड हे गाळणीचे रकाने वापरा आणि शब्द कमीत कमी द्या. मूळ हस्तलिखिताची छायाचित्रं इथे नाहीत, नुसता टंकित मजकूर.

‘अर्ली अ‍ॅक्सेस’ अशी सूचना वर दिसली तर सावध व्हा. तो पाठ अजून पूर्ण तपासलेला नाही आणि टिपाही नसतात. जेफरसनच्या दुसऱ्या कारकिर्दीचा मोठा भाग असाच आहे. १८०८ मध्ये व्यापारबंदीच्या कायद्यावरून चार्ल्सटनच्या कस्टम्स कलेक्टरविरुद्ध न्यायमूर्ती जॉन्सन यांनी निकाल दिला आणि अ‍ॅटर्नी जनरल रॉडनी यांनी त्याविरुद्ध मत दिलं. सल्ला विरुद्ध न्यायालय असा इतका रंगतदार सामना, पण त्या वर्षीची जेफरसनची पत्रं वाचताना बोट धरायला कोणी नाही.

सर्वांत मोठी उणीव मात्र साइटच्या नावातच आहे: कागद ‘फाउंडर्स’चे. कायद्यानं सल्ला देण्याचं काम ज्याच्याकडे होतं तो अ‍ॅटर्नी जनरल या सातांत नाही. १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याच्या ३५ व्या कलमानं त्याचं काम ठरवलं: सर्वोच्च न्यायालयात सरकारचे दावे चालवायचे आणि राष्ट्राध्यक्ष वा खातेप्रमुख विचारतील त्या कायद्याच्या प्रश्नांवर मत द्यायचं. पगार वर्षाला १५०० डॉलर, तर परराष्ट्रमंत्र्याला ३५००. ना कचेरी, ना कारकून. पोटासाठी खासगी वकिली चालूच. त्याची जी मतं राष्ट्राध्यक्षांच्या दप्तरात पोचली, तेवढीच मुख्यतः इथे आली. खात्यांना परस्पर दिलेली बरीचशी इथे नाहीत. १८१७ मध्ये विल्यम वर्ट पदावर आले तेव्हा आधीच्यांच्या मतांची नोंदवहीच त्यांना मिळाली नाही. ती त्यांनी स्वतः सुरू केली. इथे वर्ट यांचं नाव शोधलं तर पॅट्रिक हेन्री यांच्या चरित्रासाठी जेफरसनशी झालेला पत्रव्यवहार पुढे येतो. वाचायला छान, पण या कामाचा नाही.

म्हणून सोबतीला अ‍ॅटर्नी जनरलांच्या अधिकृत मतांच्या छापील मालेचा १८५२ चा पहिला खंड ठेवा. स्कॅन फुकट मिळतं. त्यात टिपा नाहीत, आणि मुळात प्रश्न काय विचारला होता हे बऱ्याचदा उत्तरावरूनच ओळखावं लागतं. प्रतिनिधिगृहाला मत द्यायचा मला कायद्यानं अधिकार नाही, असं वर्ट यांनी १८२० मध्ये कळवलं, ते याच खंडात वाचावं.