एकटा अंपायर: प्लेटमागे उभं राहावं की पिचरमागे?

अमेरिकेत मुलं लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉलमध्ये, खेळायला लागली की कधी ना कधी आईबाबांपैकी कुणावर तरी अंपायर व्हायची पाळी येते, आणि पुष्कळदा एकट्यानंच. नियम इथे मोकळीक देतात: अंपायर एकच असेल तर काम नीट होईल अशा कुठल्याही जागी त्यानं उभं राहावं, बहुधा कॅचरच्या (बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्याच्या) मागे, रनर बेसवर (धाव पुरी करताना गाठायच्या टप्प्यांवर) असतील तर कधी पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) मागे.

क्रिकेटवर वाढलेल्याला पिचरमागची जागा ओळखीची वाटते, आणि तिचे फायदे खरेच आहेत. बेस जवळ पडतात. लिटल लीगच्या मैदानात होम प्लेटपासून (बॅटरजवळच्या जमिनीतल्या पट्टीपासून) दुसरा बेस सुमारे ८५ फुटांवर. पिचरमागून तो जेमतेम ३५ फूट. चेंडू १७ इंची प्लेटच्या कुठल्या बाजूनं गेला तेही बरं दिसतं. कळत नाही ती उंची. गुडघ्याजवळचा चेंडू थोडा वर होता की खाली, हे पन्नास फुटांवरून सांगणं म्हणजे अंदाजच. चेंडू बॅटला निसटता लागला की बॅटरच्या बोटांना, याचंही तेच. फाऊल लाइनवर (फटक्याची हद्द ठरवणाऱ्या रेषेवर) तर नजर तिरकी पडते. शिवाय तुम्ही फटक्याच्या वाटेत उभे असता: इनफिल्डरला (बेसजवळच्या फील्डरला) ओलांडण्याआधी चेंडू तुम्हाला लागला तर खेळ थांबतो आणि बॅटरला पहिला बेस मिळतो.

प्लेटमागे कॅचर आणि बॅटर यांच्या मधल्या फटीत उभं राहायचं, हनुवटी कॅचरच्या हेल्मेटच्या वरच्या कडेच्या पातळीला. डोकं हलवायचं नाही. चेंडू कॅचरच्या मिटमध्ये (हातमोज्यात) जाईपर्यंत फक्त डोळे फिरवायचे. इथून स्ट्राइक झोन (प्लेटवरची, चेंडू योग्य पडला की नाही हे ठरवणारी चौकट) चारही बाजूंनी दिसतो, फाऊल लाइनही सरळ दिसते. किंमत मोजायची ती पायांनी. चेंडूला फटका बसला की डाव्या हातानं मास्क काढून बाहेर पळायचं. बेस रिकामे असतील तर माऊंडच्या (पिचरच्या उंचवट्याच्या) दिशेनं आत शिरा आणि पहिल्या बेसकडे येणारा थ्रो आडवा दिसेल असा कोन साधा. दहा फूट जवळ जाण्यापेक्षा तो कोन जास्त कामाचा. थ्रो पोहोचण्याआधी थांबा, धावता धावता आऊट देऊ नका. रनर तिसऱ्या बेसवर असेल तर मात्र होम प्लेट सोडू नका. पहिल्या बेसचा निर्णय प्लेटसमोरूनच द्या.

माझं मत प्लेटच्या बाजूनं आहे. सहा डावांत शंभरावर चेंडू पडतात, बेसवरचे अटीतटीचे प्रसंग त्यामानानं थोडे. त्यात बारा वर्षांपर्यंतच्या लिटल लीगमध्ये चेंडू बॅटरपर्यंत पोहोचेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही, त्यामुळे पिचरमागे जाण्याचं मुख्य कारणच उरत नाही. ९० फुटी बेसच्या मोठ्या मैदानात रनर आधीच पुढे सरकून उभे असतात आणि दुसरा बेस १२७ फुटांवर असतो. तिथे निवड अवघड, तरी मी प्लेटच धरेन. रनर बेसवर आल्यावर जागा बदलली, तर ऐन दडपणाच्या वेळी पिचरला वेगळा स्ट्राइक झोन मिळतो. मुलांवर हा अन्याय आहे.

मास्क, छातीचं पॅड, लेग गार्ड यांपैकी एक जरी नसेल तर सरळ पिचरमागे जा. सात-आठ वर्षांच्या मुलांच्या सरावसामन्यातही तीच जागा बरी.

कुठेही उभे राहिलात तरी काही गोष्टी सुटणारच. १८९० च्या दशकात अंपायर चेंडूकडे पाहत असताना बाल्टिमोर ओरिओल्स संघाचा खेळाडू जॉन मॅकग्रॉ तिसऱ्या बेसवर रनरचा पट्टा धरून ठेवायचा, असं सांगतात. म्हणून सामन्याआधी दोन्ही कोचना स्पष्ट सांगा: दोन रनर धावत असतील तर मी पुढच्याकडे पाहीन, मागच्याचा पाय बेसला लागला की नाही हे कदाचित मला दिसणार नाही, आणि अर्धवट फिरवलेल्या बॅटबद्दल विचारायला दुसरा अंपायर नाही, तो निर्णय माझाच.