बेस गिटारचं कॅबिनेट: खान्देशातल्या उघड्या स्टेजसाठी कोणतं घ्यावं

अमळनेर असो की शहादा, लग्नसराईत ऑर्केस्ट्राचं स्टेज बहुतेक उघड्यावरच असतं. मागे कापडी पडदा, वर मंडपाचं छत, बाकी तिन्ही बाजू मोकळ्या. अशा जागी बेसचा आवाज भिंतीवरून परत येत नाही. दुकानात दणदणीत वाटलेलं कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, इथे एकदम पोकळ वाटायला लागतं. मग हेडचा (पेटीला वॅट देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा) व्हॉल्यूम वाढतो, बेसची नॉब पार उजवीकडे जाते, आणि मे महिना सरता सरता स्पीकरमधली तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, जळते. दोष कॅबिनेटला दिला जातो, पण खरी चूक ते निवडतानाच झालेली असते.

निकाल आधीच सांगतो. साउंडवाल्याकडे सबसह (फक्त खालचे स्वर देणाऱ्या मोठ्या स्पीकरसह) पूर्ण सिस्टम असेल, तर बेसवाल्यासाठी एकसारखी दोन १×१२ कॅबिनेट (प्रत्येकात १२ इंची एक स्पीकर), प्रत्येकी ८ ओहम रोधाची, एकावर एक उभी ठेवलेली, ही सगळ्यात उपयोगी जोडी आहे. सिस्टमच्या सबवर भरवसा नसेल तर ४×१०, म्हणजे १० इंची चार स्पीकरची पेटी. आणि ८×१० कितीही देखणं दिसलं तरी गावोगाव फिरणाऱ्या बॅण्डने त्याच्या वाटेला जाऊ नये.

यामागचा हिशेब सोपा आहे. समजा १×१२ ची सेन्सिटिव्हिटी ९७ डेसिबल आहे, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर ९७. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, त्यामुळे २०० वॅटला १२० मिळतात. अशी दोन कॅबिनेट एकत्र, एकूण ४०० वॅटवर: दुप्पट वॅटचे ३ आणि दोन स्पीकर मिळून हवा ढकलतात त्याचे आणखी ३, म्हणजे १२६. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात, तेव्हा ४ मीटरवर ११४ उरतात. तापलेल्या कॉइलमुळे जाणारे तीन-चार वजा केले तरी ड्रमच्या शेजारी उभ्या असलेल्याला आपला बेस स्वच्छ ऐकू येतो. आता ३२ मीटरवरची शेवटची रांग घ्या. कागदावर तिथेही ९६ दिसतात, पण तो आकडा मधल्या स्वरांचा आहे. ५० हर्ट्झजवळ हेच कॅबिनेट आठ-दहा डेसिबलने कमी असतं आणि कोनची (स्पीकरच्या पुढेमागे हलणाऱ्या पडद्याची) धावही तिथे लवकर संपते. शेवटच्या रांगेला बोटांची टकटक पोचते, बेसचा भार पोचत नाही. म्हणून कॅबिनेट स्टेजसाठी आणि पब्लिकसाठी हेडच्या मागचं डीआय आउट (सिग्नल बाहेर देणारं सॉकेट) थेट मिक्सरला, ही वाटणी पक्की ठेवावी. डीआय इक्वलायझरच्या आधीचं, म्हणजे प्री वर घ्यावं. नाहीतर स्टेजवर बेसवाल्याने नॉब फिरवली की समोर साउंडवाल्याचा सगळा मेळ बिघडतो.

पोकळ फळ्यांच्या स्टेजवर खालच्या कॅबिनेटखाली जाड फोमचा तुकडा टाकावा. नाहीतर फळ्याच ढोलासारख्या घुमतात आणि तो घुमारा गायकाच्या माइकमध्ये शिरतो.

खरेदीत सगळ्यात जास्त फसगत वॅटच्या आकड्यावर होते. मागच्या पट्टीवर ४०० आरएमएस, ८०० प्रोग्रॅम, १६०० पीक असे तीन आकडे असतील, तर फक्त पहिला धरायचा. तोही कॉइल किती उष्णता सोसेल एवढंच सांगतो, आवाज किती निघेल ते सांगत नाही. ९४ डेसिबलचं ८०० वॅटचं कॅबिनेट आणि ९७ डेसिबलचं ४०० वॅटचं कॅबिनेट पूर्ण जोरावर सारखाच आवाज देतात. फरक इतकाच की पहिल्याला दुप्पट मोठं हेड लागतं. पट्टीवर सेन्सिटिव्हिटी लिहिलेलीच नसेल तर ती विचारावी. दुकानदाराला सांगता आली नाही तर दुसरं मॉडेल बघावं.

त्यानंतर ओहम. ८ आणि ८ पॅरलल जोडले की ४. ८ आणि ४ जोडले की २.६७. चार ८ जोडले की २. आजची बहुतेक हलकी क्लास डी हेड ४ ओहमपर्यंतच चालतात. त्याखाली गेलं की प्रोटेक्शन लागून ऐन गाण्यात आवाज तुटतो. आता अँपेग कंपनीचं एसव्हीटी-४१०एचएलएफ घ्या. ५०० वॅटचं ४×१० आहे, ४८ हर्ट्झपर्यंत नीट उतरतं, भरीव आवाजाची उत्तम पेटी. पण ती ४ ओहमची आहे. असल्या हेडवर तिच्या जोडीला दुसरं कॅबिनेट कधीच लावता येणार नाही. एकट्याने वापरायची असेल तर हरकत नाही. पुढे वाढवायचा विचार असेल तर ८ ओहमचंच घ्यावं: ऑरेंजचं ओबीसी ११२ हे ४०० वॅटचं, किंवा ४×१० च हवं असेल तर हार्टकेचं एचडी ४१०, १००० वॅटचं. ८ ओहमच्या एकट्या कॅबिनेटला हेड ४ ओहमवरच्या वॅटच्या साधारण निम्मे-साठ टक्के देतं. ऐकायला तो फरक दोन-तीन डेसिबलचाच आहे. छोट्या हॉलमधल्या हळदीच्या कार्यक्रमाला एकच पेटी नेली तरी भागतं, हा या जोडीचा मोठा फायदा.

८×१० बद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण फोटो बघून तेच घ्यावंसं वाटतं. अँपेगने एसव्हीटी १९६९ मध्ये काढलं, ३०० वॅटचं ट्यूब हेड आणि खाली आठ स्पीकरची पेटी. पेटी सीलबंद असते, आत चार कप्पे, प्रत्येकात दोन स्पीकर. आजचं ८१०ई ८०० वॅट, ४ ओहम, १०० डेसिबल, आणि वजन ६३ किलोच्या पुढे. त्याचा कडक, छातीवर बसणारा आवाज खरोखर दुसऱ्या कशातून येत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी: हे सुद्धा ५८ हर्ट्झलाच ३ डेसिबलने खाली आलेलं असतं. चार तारांच्या बेसची खालची ई ४१ हर्ट्झची, म्हणजे मूळ स्वर तिथे अर्धवटच निघतो. कान ८२ हर्ट्झच्या दुसऱ्या पटीवरून स्वर ओळखतो, म्हणून काही कमी आहे असं वाटत नाही. पण ६३ किलोची पेटी छोट्या हत्तीत चढवायची, जळगावहून धुळ्याला न्यायची, रात्री दोन वाजता पुन्हा उतरवायची, याला दर वेळी दोन माणसं लागतात. आणि बंद मंगल कार्यालयात पत्र्याच्या छताखाली तिचा आवाज कमी करायलाच सांगतात.

१×१५ चा बेस जास्त खोल उतरतो अशी समजूत पक्की आहे. ती अर्धीच खरी आहे. आवाजाची खोली स्पीकरच्या व्यासावर ठरत नाही, पेटीचं आतलं माप, ट्यूनिंग आणि कोन किती धावतो यावर ठरते. चांगला १२ इंची सुमार १५ इंचीपेक्षा खाली उतरतो. हवा ढकलायचं क्षेत्रफळ बघायचं तर १० इंची साधारण ३४० चौरस सेंटिमीटर, १२ इंची ५३०, १५ इंची ८५०. म्हणजे दोन १२ मिळून १०६० होतात, एका १५ पेक्षा जास्त. ४×१० चे होतात १३६०. सबशिवाय वाजवायची वेळ येते तिथे ४×१० का लागतं, ते या आकड्यांतच आहे.

४×१० च्या खाली १×१५ ठेवायची जुनी पद्धत आपल्याकडे अजून दिसते. दोन्ही ८ ओहमची असली की वॅट निम्मे-निम्मे वाटले जातात. १५ इंचीला एकट्याला अर्धे, आणि प्रत्येक १० इंचीला आठवा हिस्सा. जोरात वाजवलं की आधी १५ इंची फडफडतो, बाकी चार निवांत असतात. जोडी करायची तर एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची करावी.

ठेवण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची. एकटी पेटी जमिनीवर ठेवली की आवाज गुडघ्यांना लागतो, कानांना नाही, कारण हजार-दीड हजार हर्ट्झच्या वरचे स्वर मोठ्या स्पीकरमधून सरळ रेषेतच जातात. बेसवाल्याला स्वतःची बोटं ऐकू येत नाहीत, तो व्हॉल्यूम वाढवतो, आणि दहा फुटांवरच्या गायकाचे कान फाटतात. दोन पेट्या उभ्या ठेवल्या की वरचा स्पीकर कानांच्या जास्त जवळ येतो आणि पुष्कळ कमी व्हॉल्यूममध्ये काम होतं. २×१० असेल तर ते आडवं न ठेवता उभं करावं. दोन स्पीकर शेजारी-शेजारी आले की बाजूला उभ्या असलेल्यांना मधले स्वर कुठे जास्त तर कुठे कमी ऐकू येतात.

पाच तारांच्या बेसवाल्यांनी इथे सावध राहावं. खालची बी ३१ हर्ट्झची. पोर्ट (हवा जायचं भोक) असलेली बहुतेक १×१२ कॅबिनेट ४० ते ५० हर्ट्झला ट्यून केलेली असतात. त्याच्या खाली पेटीतल्या हवेचा कोनवर धाक राहत नाही, कोन मोकाट हलतो आणि कॉइल मागे आपटते. तेव्हा लाकडावर टिचकी मारल्यासारखा ‘टक’ आवाज येतो. तो ऐकू आला की तिथेच थांबायचं. बेसची नॉब १२ डेसिबलने वाढवणं म्हणजे त्या पट्ट्यात १६ पट वॅट मागणं. ३५ ते ४० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे स्वर अडवणारा) हेडमध्ये असेल तर कायम चालू ठेवावा, नसेल तर पेडल घ्यावं. कॅबिनेट वाचवणारा याहून स्वस्त उपाय नाही. वरचे स्वर देणारा हॉर्न असेल तर त्याची नॉब निम्म्यावर ठेवावी. डिस्टॉर्शन पेडल लावून पूर्ण उघडा ठेवलेला हॉर्न आधी जातो.

ऊन हा आपल्याकडचा वेगळा विषय. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास असताना बंद गाडीत ठेवलेली काळी पेटी किती तापते ते हात लावून बघावं. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. कॉइल १५० अंशांनी तापली की तिचा रोध दीडपटीच्या वर जातो आणि आवाज तीन-चार डेसिबलने बसतो. रात्री नऊनंतर बेस ‘दबला’ असं वाटतं त्याचं कारण बहुधा हेच. अशा वेळी व्हॉल्यूम वाढवला की कॉइल आणखी तापते. निओडिमियम चुंबकाच्या पेट्या हलक्या, १×१२ सुमारे ११ ते १६ किलोची, म्हणून फिरतीला याच बऱ्या. पण साध्या प्रतीचं निओडिमियम ८० अंशांच्या वर गेलं की चुंबकत्व कायमचं गमावू लागतं. दुपारी साउंडचेक झाल्यावर पेटी उन्हात सोडू नये, पांढरं कापड टाकून सावलीत ठेवावी. फेराइट चुंबकाची पेटी जड असते, पण तिची कॉइल गावातला स्पीकर दुरुस्तीवाला बदलून देऊ शकतो. निओच्या खास स्पीकरचा कोन मात्र मागवावा लागतो. एकच पेटी असलेल्याने हा विचार जरूर करावा.

सुताराकडून बनवून घ्यायची असेल तर १८ मिलिमीटरचा चांगला प्लाय घ्यावा. एमडीएफ जड असतो आणि पहिल्या पावसात कोपरे फुगतात. बाहेरून ५०×४५×४० सेंटिमीटरची पेटी केली तर आत साधारण ७० लिटर मिळतात. स्पीकर, पोर्ट आणि आडव्या पट्ट्या वजा जाता ६२ च्या आसपास उरतात, बऱ्याचशा १२ इंची बेस स्पीकरना एवढं चालतं. पोर्ट निदान १० सेंटिमीटर व्यासाचा हवा, लहान असला की हवा शिट्टी मारते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे टॉपमधला (पब्लिकसाठीच्या वरच्या बॉक्समधला) मिड-बेसचा स्पीकर बसवणं. स्पीकरच्या कागदावर रेझोनन्स (कोनची स्वतःची कंपनसंख्या) ४० ते ५० हर्ट्झ आणि एक्समॅक्स (कोनची नीट चालणारी धाव) किमान ५ मिलिमीटर असेल तरच तो घ्यावा.

जुनी पेटी घेताना मल्टिमीटर सोबत न्यावा. ८ ओहमच्या पेटीत मीटरवर साडेपाच ते सात दिसायला हवेत, ४ ओहमच्या पेटीत तीन ते पावणेचार. ४×१० मध्ये ८ ओहमचे चार स्पीकर दोन-दोन सिरीजमध्ये आणि मग पॅरलल जोडलेले असले, आणि एक उडालेला असला, तर त्याच्यासोबतचा दुसराही गप्प होतो आणि मीटरवर बारा-तेरा दिसतात. आवाज येतोच आहे म्हणून विकणारा तसंच खपवतो. मग ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर लावावी: प्लस प्लसला, मायनस मायनसला. सगळे कोन बाहेर यायला हवेत. एखादा आत गेला तर तो उलटा जोडलेला आहे आणि बाकीच्यांचा बेस खातो आहे. कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा दाबावा, खरखर आली तर कॉइल घासते. शेवटी मोबाइल हेडला जोडून ४० ते २०० हर्ट्झचा सूर हळूहळू चढवत न्यावा आणि कुठे खडखड येते का ते ऐकावं. पेटी सीलबंद असेल तर सूर चालू असतानाच हँडल आणि जॅकप्लेटच्या कडेने पेटती अगरबत्ती फिरवावी. जिथे धूर थरथरतो तिथून हवा गळते, आणि फोमची पट्टी लावून ती दहा मिनिटांत बंद होते.

केबल स्पीकॉनचीच (फिरवून लॉक होणाऱ्या स्पीकर कनेक्टरची), २.५ चौरस मिलिमीटरची दोन वायरी, दीड-दोन मीटर पुरे. जोडणी १ प्लस, १ मायनसवर. गिटारची शिल्डवाली लीड कॅबिनेटला कधीही लावू नये. आतली तार फार बारीक असते, ती तापते, तिच्यावरचं प्लास्टिक वितळतं, आणि शॉर्ट झाली की हेड जातं. दोन पेट्यांना दोन केबल लागतात, एक हेडपासून आणि एक पेटी ते पेटी. तिसरी हेडच्या बॅगेत कायम असावी.