४.६ म्हणून विकलेलं ४.०: कोब्रा रेप्लिकासाठी इंजिन घेताना माझी झालेली फसवणूक

४,३५० पौंड मोजले. त्या बदल्यात जे इंजिन मिळालं, ते उघडून बघणाऱ्या कारागिराने त्याची किंमत ४०० पौंड सांगितली, तीही गिऱ्हाईक मिळालंच तर. हे लिहिताना मला लाज वाटते आणि संतापही येतो. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, बोअरिंगच्या दुकानात वाढलो. वडील सिलिंडरला डायल गेज लावून आकडा सांगायचे आणि तो वहीत उतरवायचं काम माझ्याकडे शाळेपासून होतं. त्यामुळे "अरे, तुला तरी कळायला हवं होतं" हे इतक्यांदा ऐकलंय की कान किटले. इथे इंग्लंडात रेप्लिका (जुन्या गाडीची हुबेहूब नक्कल) बांधायला घेतलेली आपली मंडळी आहेत, आणि मला फसवणारा हा माणूस अजून इंजिनं विकतोय. म्हणून सगळं आकड्यांसकट लिहितोय.

गाडी कोब्राची रेप्लिका. मूळ कोब्रा १९६२ ची: टेम्स डिटनच्या एसी कार्सची चेसिस-बॉडी आणि कॅरोल शेल्बीने त्यात घातलेलं फोर्डचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. आधी २६० क्युबिक इंच, मग २८९, आणि १९६५ पासून ४२७. यातली एक गोष्ट तेव्हा मी नुसतीच गंमत म्हणून वाचून सोडून दिली होती: ४२७ नावाने विकलेल्या बऱ्याच गाड्यांत प्रत्यक्षात फोर्डचं स्वस्तातलं ४२८ बसवलेलं होतं. बॉनेटखाली आहे ते आणि कागदावर आहे ते वेगळं असण्याची परंपरा या गाडीत पहिल्यापासून आहे, हे डोक्यात ठेवा.

माझ्यासमोर तीन पर्याय होते. फोर्ड ३०२: इतिहासाला धरून, आवाज खरा, पण बिडाचा ब्लॉक (इंजिनचं मुख्य धड), त्यामुळे पुढच्या चाकांवर वजन. जनरल मोटर्सचं एलएस: ताकद भरपूर, पण कोब्रात शेवरलेचं इंजिन टाकणं मला पटत नाही आणि त्याची वायरिंग म्हणजे स्वतंत्र प्रकल्प. तिसरं रोव्हर व्ही-८. साठच्या दशकातल्या ब्युइकच्या ॲल्युमिनियम इंजिनाचे हक्क रोव्हरने घेतले आणि १९६७ पासून ते आपल्या गाड्यांत घातलं. मॉर्गन प्लस ८, एमजीबी जीटी व्ही-८, टीव्हीआर, सगळे त्याच्यावर धावले. हलकं, सुटे भाग मुबलक, आणि माझ्या चेसिसला माउंटिंग रोव्हरचंच होतं. ही निवड मी आजही बदलणार नाही. निवड बरोबर होती, माल खोटा निघाला. इंजिन निवडताना लोक रात्र रात्र हॉर्सपॉवरवर वाद घालतात. पण समोर ठेवलेलं इंजिन तेच आहे हे सिद्ध कसं करायचं, यावर कोणी दहा मिनिटं बोलत नाही.

रोव्हरमध्ये मला ४.६ लिटरचं हवं होतं. आता हे नीट वाचा, सगळी फसवणूक इथेच आहे. ४.० आणि ४.६ बाहेरून एकसारखी दिसतात. ब्लॉक तोच, बोअर (सिलिंडरचा व्यास) दोन्हीचा ९४ मिलीमीटर. फरक स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन वर-खाली किती सरकतो त्या अंतराचा: ४.० चा ७१.१, ४.६ चा ८२. म्हणजे फरक पोटात, पिस्टन हलवणाऱ्या क्रँकमध्ये. दुसरी गोष्ट, या ब्लॉकचं जुनं दुखणं: लायनरच्या (सिलिंडरमध्ये आतून बसवलेल्या नळीच्या) मागे ॲल्युमिनियमला तडा जातो, लायनर सरकतो आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. त्यावर खरा इलाज म्हणजे टॉप-हॅट लायनर, वरच्या टोकाला कॉलर असलेले, जे खाली सरकूच शकत नाहीत. हे काम महाग असतं. "४.६, टॉप-हॅट लायनर, नवीन बेअरिंग, रिंगा, कॅम, टॅपेट, शून्य मैल" अशी जाहिरात ४,३५० ला दिसली तर ती फुकटात वाटत नाही. वाजवी वाटते. भामट्याने आकडाच तसा ठरवलेला असतो. स्वस्त असतं तर मी फोनसुद्धा केला नसता.

मी जाऊन बघितलं. फोटो पाहून पैसे पाठवणारा मी नव्हे. इंजिन स्टँडवर बांधलेलं, रेडिएटर लावलेला, तेलाचा गेज जोडलेला. त्याने माझ्यासमोर चालू केलं. गेजचा काटा ठाम उभा. दोन-तीन मिनिटांत बंद केलं, म्हणे शेजारी तक्रार करतात. थंड तेलावर झिजलेल्या बेअरिंगचं इंजिनही प्रेशर दाखवतं. तापेपर्यंत चालू ठेवू देत नसेल तर तिथून निघा. शेजाऱ्यांचं काय ते तो बघेल.

आता तो क्षण. हा मी रोज आठवतो. मी विचारलं, आयव्हीएला इंजिनच्या वयाचा पुरावा लागेल, त्याचं काय? (घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर येण्याआधी ही सरकारी तपासणी पास करावी लागते, आणि धुराचे निकष इंजिन कधीचं आहे यावर ठरतात.) तो म्हणाला, "त्याची चिंता नको, ब्लॉक १९९१ चा आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कटकटच नाही. पत्र देतो." (कन्व्हर्टर म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग.)

१९९१! ४.६ आलं दुसऱ्या पिढीच्या रेंज रोव्हरबरोबर, १९९४ मध्ये. १९९१ साली ते होतंच कुठे? आणि त्याच्या पाचच मिनिटं आधी मी ब्लॉकच्या बाजूला, सम्पच्या (खालच्या तेलाच्या टाकीच्या) वरच्या भागावर अंगठा फिरवला होता. मेन बेअरिंगच्या कॅपला आडवे धरणारे क्रॉस-बोल्ट तिथे हाताला लागले होते. १९९१ च्या ब्लॉकला ते बोल्ट नसतात. एक तर वर्ष खोटं, नाही तर इंजिन खोटं. दोन्ही पुरावे माझ्या हातात होते, एक अंगठ्याखाली आणि एक कानात.

पण मी का गप्प बसलो, तेही ऐका, म्हणजे कोणी उठून मला मूर्ख म्हणणार नाही. जुन्या ३.९ ब्लॉकमध्ये लांब स्ट्रोकचा क्रँक घालून मोठं इंजिन करणं ही काही काल्पनिक गोष्ट नाही. टीव्हीआरने ग्रिफिथ ५०० साठी पाच लिटरचं तसंच केलं होतं. पुन्हा बांधलेलं इंजिन म्हणजे दहा ठिकाणचे भाग, त्यामुळे वर्ष सांगताना विक्रेता गोंधळला असेल असं वाटणं साहजिक होतं. वर त्याने लायनरच्या कामाचं बिल काढून दाखवलं, छापील, मापांसकट. त्या बिलावरचं मशिन शॉप अस्तित्वातच नाही, हे नंतर कळलं. बिल हातात आलं की आधी बिल देणाऱ्याला फोन करा, विकणाऱ्यासमोर उभं राहून.

आणि रंग. ब्लॉक मस्तपैकी लाल रंगवलेला. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकला रंग द्यायचं कारणच काय? हे गंजत नाही. डाव्या बाजूला, ३ आणि ५ नंबरच्या सिलिंडरच्या मध्ये जिथे इंजिन नंबर ठोकलेला असतो, तिथेही जाड थर. नंबर वाचता येत होता, ४.६ चाच होता. मी त्याचा फोटोही काढला. खिशात थोडं थिनर आणि फडकं असतं तर ४,३५० पौंड वाचले असते.

१,५०० आगाऊ आणि २,८५० इंजिन ताब्यात घेताना, दोन्ही बँक ट्रान्स्फरने. व्हॅनचं भाडं १४०.

इंजिन गाडीत बसवलं, चालू झालं, आणि पहिल्यांदा पुरतं तापल्यावर तेलाचा दिवा लुकलुकायला लागला. पाणी कमी होत होतं, गळती कुठेच नाही. प्लग काढले. सात प्लग तपकिरी, आणि एक धुऊन काढल्यासारखा पांढराशुभ्र. त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय, हे कळायला कोणाला विचारावं लागलं नाही. तरी मी इंजिन उतरवून कॉव्हेंट्रीजवळच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेलं. हयात याच इंजिनांत गेलेला माणूस. त्यांनी हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवलं आणि काही न बोलता बोअरच्या कडेवरून बोट फिरवलं. कॉलर नाही. साधे, कारखान्यातले लायनर. मग पिस्टन वर-खाली करून डेप्थ व्हर्निअर लावलं: ७१.१. पुन्हा लावलं, ७१.१. मग नंबरच्या जागेवरचा रंग तारेच्या ब्रशने काढला. खाली ग्राइंडरचे ताजे ओरखडे, आणि एक आकडा बाकीच्यांपेक्षा खोल, किंचित तिरका. तो आकडा नंतर ठोकलेला होता. त्यांची मजुरी ३८० पौंड, वाया गेलेला गॅस्केट सेट १६५.

विक्रेत्याला फोन केला. पहिल्या दिवशी "मलाही असंच मिळालं होतं". दुसऱ्या दिवशी "मी खाजगी माणूस, पाहून घेतलंस, विषय संपला". मग नंबर बंद.

यापुढची गोष्ट मला इंजिनापेक्षा जास्त डाचते. बँकेला कळवलं. ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून करून घेतलेल्या ट्रान्स्फरचे पैसे बँकांनी परत द्यायचा नियम आहे, मर्यादा ८५,००० पौंड. बँक म्हणाली, वस्तू मिळाली आहे, फक्त दर्जाबद्दल तक्रार आहे, म्हणजे हा दिवाणी वाद, नियम लागू नाही. दर्जा? अहो, इंजिन नंबर घासून दुसरा ठोकलाय! फोटो पाठवले. उत्तर तेच, शब्दही तेच. ग्राहक हेल्पलाईनने विचारलं, विक्रेता व्यापारी आहे का? मी त्याच्या एकाच वेळी चालू असलेल्या तीन इंजिनांच्या जाहिराती दाखवल्या. हेल्पलाईनवरच्या बाई म्हणाल्या, तो स्वतःला खाजगी म्हणवतो, आम्ही नोंद करून पुढे पाठवू. पुढे म्हणजे काउन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) ट्रेडिंग स्टँडर्ड्स खात्याकडे. तिथे थेट फोन करता येत नाही, त्यांना गरज वाटली तर ते करतात. त्यांना गरज वाटली नाही. पोलिसांच्या फसवणूक विभागाने संदर्भ क्रमांक दिला आणि काही आठवड्यांनी पत्र: तपासाला पुढे वाव नाही. मी म्हटलं, नंबर बदललेलं इंजिन चोरीचं असू शकतं, ते तरी बघा. उत्तर आलं की मूळ नंबर कळवा, मग शोधता येईल. मूळ नंबर घासून टाकलाय, हीच तर माझी तक्रार! प्रत्येक जण सभ्य भाषेत बोलला, प्रत्येकाने वाट पाहायला लावलं, आणि प्रत्येकाने मला दुसऱ्याचं दार दाखवलं. चोराला हे माहीत आहे. त्याचा धंदा या दारांच्या मधल्या बोळातच चालतो.

कायदा मात्र तो म्हणतो तसा नाही, हे ध्यानात ठेवा. खाजगी विक्रेत्याकडून घेतलेली वस्तूही वर्णनाशी जुळलीच पाहिजे, हे १९७९ च्या सेल ऑफ गुड्स ॲक्टच्या कलम १३ मध्ये आहे. "पाहून घेतलंस" म्हणून तो सुटत नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पैसे देण्याआधी घ्या. माझ्याकडे होता, म्हणून दावा तरी लावता आला. दावा ४,८७० चा लावला: इंजिन, व्हॅन आणि मजुरी. गॅस्केटचे १६५ सोडून दिले, कारण ५,००० च्या वर गेलं की कोर्टाची फी २०५ वरून ४५५ होते. विक्रेत्याने उत्तरच दिलं नाही, निकाल माझ्या बाजूने लागला. वसुली करायला माणूस गेला तर पत्त्यावर दुसराच भाडेकरू. आजवर एक पेनी हातात नाही. सगळे मिळून ५,२४० पौंड गेले.

व्यापाऱ्याकडून घेत असाल तर थोडी तरी रक्कम क्रेडिट कार्डाने द्या. १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंतच्या वस्तूला १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीलाही जबाबदार धरता येतं, अगदी आगाऊ रक्कमच कार्डाने दिली असली तरी. आणि ४.६ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर एक हेड उतरवायला सांगा. गॅस्केटचा आणि मजुरीचा खर्च तुम्ही द्या. कॉलर डोळ्यांनी दिसते आणि ८२ मिलीमीटर मोजता येतात. "इंजिन सील आहे, उघडलं तर वॉरंटी जाईल" म्हणाला की समजून जा. मी हे सांगितलं असतं तर तो तिथेच उघडा पडला असता.

त्याची जाहिरात पुन्हा लागली आहे. नाव दुसरं, गाव दुसरं, या वेळी किंमत ४,४५०. लाल ब्लॉक, निळ्या स्टँडवर, मागे तीच पांढरी विटांची भिंत आणि गेजची तीच पितळी नळी. मी कळवलं, जाहिरात उतरली, चार दिवसांनी नव्या खात्यावर परत आली. मिडलंड्समध्ये (इंग्लंडच्या मधल्या भागात) कोणी रोव्हर ४.६ शोधत असेल तर हा फोटो ओळखून ठेवा, आणि बघायला जायचंच असेल तर मला सांगा, मी बरोबर येतो.