तीन टनी ट्रॉली जॅक: टन सोडा, उंची विचारा

जॅक घ्यायला गेलं की दुकानदार टन सांगतो आणि गिऱ्हाईक टन ऐकतं. दोन टनी, तीन टनी, पाच टनी. जुन्या, उंच, चेसिसवाल्या (बॉडीखाली वेगळा लोखंडी सांगाडा असलेल्या) गाड्यांसाठी हा आकडा जवळजवळ बिनकामाचा आहे. माझी सफारी डायकोर २.२, २००८ ची, एमएच-३१, म्हणजे नागपूरची. वजन रिकामी असताना दोन टनांच्या आसपास. पण अख्खी गाडी कोण उचलतं? एक कोपरा उचलायचा असतो, म्हणजे पाचशे-सहाशे किलो. तेवढं प्लॅस्टिकच्या पेटीत येणारा छोटा दोन टनी जॅकही उचलतो. उचलतो, फक्त टायर जमिनीवरून सुटत नाही.

कारण असं की या गाड्यांचं चाक खाली लोंबतं. तुम्ही चेसिसच्या पट्ट्याला जॅक लावून दांडा मारत राहता, बॉडी वर जाते, स्प्रिंग मोकळी होते, आणि चाक तिथंच जमिनीला चिकटून. सस्पेन्शनचा सगळा सैलपणा संपल्यावर मग टायर उचलायला लागतो. छोट्या जॅकचं डोकं जेमतेम तेरा इंचांवर संपतं. आमच्या गाडीचा पुढचा पट्टाच त्याच्या वर आहे. मग लोक काय करतात? जॅकच्या डोक्यावरच्या वाटीत लाकडी गुटका ठेवतात. एकाने नाही झालं तर दोन. गुटका घसरला की गाडी खाली आणि बोटं मधे. हा प्रकार आमच्या लेआऊटमध्ये सर्रास चालायचा, आता बंद आहे, कारण मी तीन टनी मोठा ट्रॉली जॅक आणला. त्याचाच हा रिव्ह्यू. कंपनीचं नाव देत नाही, कारण घाट रोडच्या दुकानात हाच जॅक मला तीन वेगवेगळ्या स्टिकरांखाली दिसला. नुसता रंग वेगळा.

माप सांगते. सर्वांत खाली साडेचौदा सेंटिमीटर, सर्वांत वर पन्नास. पैसे गेले साडेआठ हजार, घासाघीस करून. पन्नास सेंटिमीटर हा आकडा डब्यावर बारीक अक्षरात असतो आणि तोच बघायचा. दुकानदाराला म्हटलं, डब्यातून काढा, दांडा लावा, पूर्ण वर करून दाखवा, मी टेपने मोजते. तो म्हणाला, "ताई, कोनी मोजत नाही हो असं." मी मोजलं. एका जॅकवर पन्नास छापलेलं होतं आणि सत्तेचाळीसला थांबला. तो परत ठेवला, दुसरा घेतला.

आता कामाचं. पुढून उचलायचं तर पुढच्या चाकामागे चेसिसच्या पट्ट्याला. मागून उचलायचं तर सरळ हौजिंगच्या, म्हणजे मागच्या एक्सलच्या, नळीखाली, चाकाच्या जितकं जवळ जमेल तितकं, ब्रेकचा पाइप सांभाळून. मागे नळीखाली लावला की स्प्रिंग लोंबण्याचा प्रश्नच येत नाही, चाक लगेच सुटतं. शेजारच्या क्वालिसलाही मागे हेच, तिला कॉइलऐवजी पाटे आहेत, पण हौजिंग हौजिंगच. सफारीच्या मागे हात घातला की मोठ्या जॅकचा दुसरा फायदा कळतो: दांडा लांब आहे. चार फुटांच्या दांड्याने मी उभ्या उभ्या पंप मारते. छोट्या जॅकला बसून, वाकून, मांडीवर हात घासत मारावं लागायचं. माझी उंची पाच फूट एक, मनगट बारीक, तरी हा जॅक मला दमवत नाही. दमवतो तो हलवताना. बत्तीस किलो आहे. चाकांवर ओढायला काही नाही, पण डिक्कीत टाकून काटोलच्या बागेत न्यायचा तर दीर लागतो. म्हणून बागेत न्यायला मी जुना बाटली जॅकच (बाटलीसारखा उभा, छोटा) ठेवलाय. संत्र्याच्या बागेत पंक्चर झालं तर बाटली जॅक आणि फळी पुरते, तिथं गाडीखाली झोपायचं नसतं.

नागपूरकरांनी या जॅकबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण डब्यावर ती लिहिलेली नाही. ट्रॉली जॅकचं डोकं सरळ वर जात नाही. ते कमानीत जातं, म्हणजे वर जाताना थोडं मागेही येतं. त्यासाठी जॅकची लोखंडी चाकं जमिनीवर सरकायला हवीत. सिमेंटच्या ओट्यावर ती सरकतात. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या प्लॉटवर ती रुततात. चाकं रुतली, जॅक जागचा हलला नाही, की डोकं चेसिसवरून घासत सरकतं आणि काठावर येतं. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावरही हेच; दुपारचं डांबर इतकं मऊ असतं की जॅकच्या चाकाचे ठसे उमटतात. उपाय स्वस्त आहे. फॅब्रिकेशनवाल्याकडून सहा एमएमची लोखंडी पत्र्याची प्लेट कापून घेतली, दोन फूट बाय अडीच फूट, एका कोपऱ्याला भोक पाडून त्यात दोरी. प्लेट टाकायची, तिच्यावर जॅक. पावसाळ्यात प्लेटखाली आणखी जुनं प्लायवूड. जॅकच्या किमतीत या प्लेटचे पैसे आधीच धरा.

वाटीला रबर नाही, ही कंजुषी आहे. लोखंडावर लोखंड टेकतं, चेसिसचा रंग खरवडतो, पुढच्या पावसाळ्यात तिथं गंज. ट्रकच्या जुन्या टायरचा गोल तुकडा कापून बसवला, झालं.

खरी तक्रार आहे सोडायच्या वाल्व्हची. दांडा डावीकडे फिरवला की तेल परत जातं आणि जॅक उतरतो. चांगल्या जॅकमध्ये हे हळूहळू होतं. यात नाही. जरासा फिरवला तर काहीच नाही, आणखी केसभर फिरवला की गाडी धप्पकन बसते. सवयीने हात बसतो, पण जॅक नव्या माणसाच्या हातात देताना मी शेजारी उभी राहते. दांडा दोन तुकड्यांचा आहे आणि मधला स्क्रू ढिला पडला की फिरवलेलं खालपर्यंत पोचतच नाही. तो स्क्रू दर वेळी आवळायचा. यासाठी पाचापैकी एक गुण कापला, आणि रबरासाठी अर्धा.

जॅकसोबत घोड्या, म्हणजे गाडी वर टेकवून ठेवायचे स्टँड, घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. आत एक रबरी सील आणि थोडं तेल, त्याच्या भरवशावर दोन टनांखाली डोकं घालायचं? मी जोडी घेतली ती खिळ्याची: नळीत नळी आणि आरपार जाडजूड पिन. दाते असलेल्या, खटक्याने वर सरकणाऱ्या घोड्या जास्त विकल्या जातात, कारण त्या वापरायला झटपट. पण अमेरिकेत २०२० मध्ये हार्बर फ्रेट या अवजारांच्या दुकानसाखळीला अशाच खटक्याच्या घोड्या मोठ्या संख्येने परत मागवाव्या लागल्या, वजनाखाली खटका सुटू शकतो म्हणून. बदली म्हणून दिलेल्या काही घोड्याही वेल्डिंगच्या दोषामुळे पुन्हा परत मागवल्या. पिन एकतर भोकात असते किंवा नसते, डोळ्यांना दिसते. मला एवढं पुरेसं आहे. आणि खोललेलं चाक बाजूला भिंतीला टेकवू नका, आडवं करून चेसिसखाली सरकवा. घोडी गेलीच तरी गाडी चाकावर अडकेल.

आणखी एक. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली म्हणजे सरकणार नाही, असं समजू नका. मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरांमुळे) जमिनीवरचं चाक मोकळं फिरू शकतं. हँडब्रेक ओढा आणि पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा.

जॅक आता माझा राहिलेला नाही, चार घरांचा झालाय. क्वालिसवाल्या काकांकडे टॉर्क रेंच आणि अर्धा इंची गोट्यांचा (सॉकेटचा) सेट. समोरच्या स्कॉर्पिओवाल्या भाऊकडे ग्रीस गन. माझ्याकडे जॅक, घोड्या, प्लेट. एक वही आहे, कोणी काय नेलं ते लिहायचं. रविवारी सकाळी एखादी गाडी वर चढलेली असतेच. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस, हौजिंगचं तेल बदलणं, मागच्या ड्रमची सफाई, स्टेपनी धरून पाचही टायरांची अदलाबदल. यातलं काहीही अवघड नाही, फक्त गाडी नीट वर असायला हवी. निपलमधून ग्रीस मारत राहायचं, कडेने जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत, हे काकांनी सगळ्यांना शिकवलं. ते निवृत्त आहेत आणि खाली झोपून आरडाओरडा करायला त्यांना आवडतं: "अरे पुसून घे ना निपल आधी, माती कायले आत ढकलून राहिला!"

मोठ्या जॅकचं सर्वांत मोठं चीज झालं ते टॉर्शन बारच्या वेळी. डायकोर सफारीत पुढे कॉइल स्प्रिंग नाही, लांब लोखंडी दांडा पिळला जातो, तोच स्प्रिंगचं काम करतो. २०१२ मध्ये आलेल्या स्टॉर्मला पुढे कॉइल आहेत, तिथं हे लागू नाही. गाडी म्हातारी झाली की नाक खाली बसतं. दांड्याच्या मागच्या टोकाला एक बोल्ट असतो, तो आवळला की नाक वर येतं. पण चाकावर वजन असताना तो फिरवायचा नाही, बोल्टचे आटे जातात. दोन्ही बाजू घोड्यांवर, चाकं लोंबती, बोल्टला आधी भरपूर तेल, मग थोडं थोडं, दोन्हीकडे सारखं. खाली उतरवून गाडी पुढेमागे ढकलायची, सस्पेन्शन बसू द्यायचं, मग चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंत टेप लावायचा. नंतर व्हील अलाइनमेंट सक्तीची, नाहीतर टायर एका बाजूने खाल्ले जातात.

यावर स्कॉर्पिओवाल्या भाऊचं म्हणणं, "ताई, अजून दोन इंच घ्या ना वर, मस्त दिसन." नाही घेतलं. बोल्ट आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त उंची बदलते, आणि जेवढं वर घ्याल तेवढी चाकाची खाली जायची जागा कमी होते. खड्ड्यात गेलं की ठक्क आवाज, बॉल जॉईंटचा कोन वाकडा. मूळ उंचीवर आणून मी थांबले.

रुंद टायरचंही तसंच. मूळ २३५/७० आर १६. पुष्कळ जण २४५/७० टाकतात, "गाडी उंच होते" म्हणून. गणित करा: टायरचा व्यास चौदा मिलिमीटरने वाढतो, म्हणजे गाडी सात मिलिमीटर वर येते. करंगळीच्या नखाएवढी. स्पीडोमीटर मात्र दोन टक्क्यांच्या आसपास कमी दाखवायला लागतो. आणि पुढचं बुलगार्ड तर २०१७ च्या डिसेंबरात केंद्राच्या पत्रानंतर बेकायदेशीरच ठरलं, ते काढताना हाच जॅक कामी आला. पंधरा वर्षांनंतर रजिस्ट्रेशन नूतनीकरणाला गाडी आरटीओत उभी करायची असते, तिथं मूळ रूपातली गाडी असलेली बरी.

एप्रिल-मेमध्ये आम्ही आठच्या आत आटोपतो. पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या गावात दुपारी लोखंडी पाना हातात धरवत नाही. जॅकही सावलीत ठेवते. उन्हात पडलेल्या जॅकचं तेल पातळ होतं आणि आधीच उतावळा असलेला तो वाल्व्ह आणखी उतावळा होतो.

तेलावरून आठवलं. काही महिन्यांनी जॅक पूर्ण वर जाईना, दांडा मारला की स्पंजासारखा दबायचा. हा बिघाड नाही, आत हवा शिरलेली असते. वाल्व्ह सोडायचा, दांडा भराभर दहा-पंधरा वेळा मारायचा, जॅक खाली असताना रबरी बूच काढून तेल बघायचं, कमी असेल तर हायड्रॉलिक तेल घालायचं. घरात ब्रेक ऑइलची बाटली पडलेली असते आणि हात तिच्याकडेच जातो. ती घालू नका, जॅकची सील फुगून खराब होतात.

कोणी घ्यावा? घरासमोर स्वतःची जागा आणि चेसिसवाली जुनी गाडी असेल तर डोळे झाकून. फ्लॅटमध्ये, बेसमेंटला पार्किंग असेल तर आधी सोसायटीला विचारा, फरशीवर तेल सांडलं की वाद होतात. अल्टो, वॅगन आर असेल तर हा जॅक घेऊ नका, तिला पेटीतला छोटा पुरतो. माझा छोटा जॅक मी गल्लीतल्याच एका अल्टोवाल्याला सातशे रुपयांत दिला आणि तो खूश आहे. पाचापैकी साडेतीन गुण. आणि पावतीवर मॉडेल नंबर लिहून घ्या. सील किट त्या नंबरावरच मिळते, आणि त्याशिवाय दुकानदार सरळ नवा जॅक दाखवतो.