जॅझचा जुना अड्डा जपायचाय: भिंतीवर फलक की मुलाखती?

चर्चगेट ते धोबी तलाव या पट्ट्यातल्या एखाद्या जुन्या जॅझच्या जागेची आठवण टिकवायची, आणि हाताशी थोडे पैसे व रविवारच्या दुपारी एवढंच भांडवल, तर मार्ग साधारण दोनच. इमारतीवर फलक लावायचा, नाहीतर तिथे वाजवणाऱ्या-ऐकणाऱ्यांच्या मुलाखती घ्यायच्या आणि त्यांच्या घरातले फोटो, तबकड्या जपायच्या. मी दोन्हींच्या मागे लागलो होतो.

फलकाची ताकद मी नाकारत नाही. वीर नरिमन रोडवर, म्हणजे जुन्या चर्चगेट स्ट्रीटवर, एकेकाळी रेस्तराँ-रेस्तराँमधून बँड वाजायचे, हे आज लोकल गाठायला धावणाऱ्याला कुठून कळणार? शेजारच्या ओव्हल मैदानालगतच्या इमारती २०१८पासून जागतिक वारसा यादीत आहेत, त्यामुळे वर बघत चालणारी माणसंही इथे येतात. फलक त्यांना थांबवतो. मुलाखत मात्र कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर पडून राहते.

माझं घोडं अडलं ते मजकुरावर. सोसायटीच्या सह्या, दुकानाच्या पाटीची अडचण, हे सगळं निभावलं असतं. पण ‘जागा कमी आहे, मोठी नावं ठेवा’ असं म्हणत आधी ड्रमर गेला, मग दुसरा ट्रम्पेटवाला, मग पियानोवादक. शेवटी उरलं जागेचं नाव, साल आणि परदेशी पाहुणे. रोज रात्री वाजवणारी गोव्याची माणसं त्यात कुठेच नव्हती. हे मला पटेना, अजूनही पटत नाही. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचे आंतोनियो झेवियर वाझ, यांचं नाव निदान ताज हॉटेलमुळे आणि सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ चित्रपटामुळे (१९५१) राहिलं. त्यांच्यासारख्यांच्या मागच्या रांगेत बसणाऱ्यांचं काय?

धोबी तलावच्या एका आजींपुढे मी बँडचा फोटो ठेवला. कडेच्या माणसाकडे बघून त्या म्हणाल्या, “हा टाय आमच्या ह्यांचा. त्या रात्री त्याला उसना दिला होता.” आणि टायवरून नाव आलं, नावावरून गाव, मग पुढे तो कुठल्या स्टुडिओत वाजवायला जायचा तेही. असं काही फलकाच्या तीन ओळींत मावत नाही.

मुलाखतींत सालांचा गोंधळ होतो आणि ऐकून उतरवायला वेळ फार लागतो, हे खरं. पण नुसत्या वास्तूवर भिस्त ठेवायची तर धोबी तलावचं खुलं नाट्यगृह, रंगभवन आठवा. १९७८ साली सुरू झालेल्या ‘जॅझ यात्रा’ या महोत्सवाच्या मैफली तिथे रंगल्या, आणि पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांत तिथलं वाजणंच थांबलं.

तुमच्या इमारतीचे मालक पूर्ण यादी कोरू देत असतील, तर फलक अवश्य लावा. फक्त ती यादी आधी मुलाखतींतून घ्या. सांगणारे आता ऐंशीच्या पुढचे आहेत. पंखा बंद करा, फोटोतली माणसं डावीकडून उजवीकडे विचारा, मागे पेन्सिलीने क्रमांक टाका. शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या जुन्या तबकड्या स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते. आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्या घरी नेऊन द्या. दुसऱ्या खेपेला बहुधा आणखी एक अल्बम बाहेर येतो.