वर्किंग हॉलिडेचे ‘आगमन पॅकेज’: पैसे नेमके कशाचे मोजले?

वर्षभर काम करत ऑस्ट्रेलिया फिरायला जाताना मी एका एजन्सीचे ‘आगमन पॅकेज’ घेतले होते. विमानतळावरून गाडी, हॉस्टेलमध्ये तीन रात्री मुक्काम, सिमकार्ड, बँक खाते, टॅक्स फाइल नंबर (तिथला करदाता क्रमांक) आणि ‘पहिल्या नोकरीची हमी’ एवढे त्यात होते. भारतीय पासपोर्टवर हा ‘वर्किंग हॉलिडे’ व्हिसा 2024 पासून मिळू लागला. 18 ते 30 वयोगटातील अर्जदारांतून सोडत निघते आणि वर्षाला 1000 जागाच असतात. एवढ्यांतून आपले नाव निघाल्याच्या आनंदात अटींचा कागद कोणी नीट वाचत नाही. मीही वाचला नव्हता.

गाडी वेळेवर आली, हॉस्टेल स्वच्छ होते. टॅक्स फाइल नंबर मात्र कर खात्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो, आणि एजन्सीचे त्यातील ‘साहाय्य’ म्हणजे मी माझ्याच फोनवर अर्ज भरत असताना कोणीतरी शेजारी उभे राहणे, एवढेच निघाले.

खरी नाराजी आहे ती नोकरीच्या हमीबद्दल. मला सिडनीतील एका कॅफेत भांडी घासण्याचे काम मिळाले. हमी शब्दशः पाळली गेली, हे मान्य केले पाहिजे. परंतु दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरवून दिलेल्या भागांत, ठरावीक प्रकारचे काम 88 दिवस करावे लागते, आणि सिडनीतील कॅफे त्यात कुठेच बसत नाही. मी दुसऱ्या वर्षाचा विचार करत असल्याचे अर्जात स्पष्ट लिहिले होते, तरी दोन महिने उलटेपर्यंत हे कोणी सांगितले नाही. शेवटी क्वीन्सलँड राज्यातल्या बंडाबर्ग परिसरातील मँडरिनच्या, म्हणजे छोट्या संत्र्यांच्या, बागेतले काम मी हॉस्टेलच्या फलकावरील चिठ्ठी पाहून स्वतःच मिळवले. तेथे फळ ओढून तोडत नाहीत. देठ छोट्या कात्रीने फळालगत कापतात, कारण देठाचे टोक राहिले तर पेटीतल्या दुसऱ्या फळाची साल फुटते. पहिल्या आठवड्यात माझा वेग इतका कमी होता की नगावर मिळणाऱ्या मजुरीत काय हाती लागणार, हा प्रश्नच होता.

येथे एजन्सीची एकच गोष्ट उपयोगी पडली, आणि ती जाहिरातीत नव्हती. त्यांच्या कार्यालयातील एका कर्मचारी मुलीने पहिल्याच दिवशी तासभर बसून पगाराची पावती कशी वाचायची ते शिकवले होते: तासांचा रकाना, 15 टक्के कर आणि पगाराव्यतिरिक्त मालकाने भरायची 12 टक्के ‘सुपर’, म्हणजे निवृत्तीनिधी. शेतावर नगावर मजुरी असली तरी 28 एप्रिल 2022 पासून तासाच्या किमान वेतनाची हमी आहे, हेही तिनेच सांगितले होते. माझ्या पहिल्या पावतीवर तासांचा रकाना कोरा होता. मी विचारले, तो भरला गेला आणि फरकाची रक्कम पुढच्या आठवड्यात जमा झाली.

दोन तारे देतो. त्यातला दीड त्या एका तासाचा आहे. नोकरीच्या हमीविषयी मी तक्रार पाठवली, त्याचे उत्तर आले नाही. परतायच्या वेळी मात्र ‘सुपर’ची रक्कम मिळवून देण्याच्या सेवेचा ईमेल आला. या व्हिसावर देश सोडताना त्या रकमेतील 65 टक्के करातच जातात, अर्ज कर खात्याकडे विनामूल्य करता येतो, आणि उरलेल्या 35 टक्क्यांवर एजन्सीला दलाली हवी होती.