जळगावची रविवारची राज्यघटना बॅच : दोन चिठ्ठ्यांच्या तासासाठी तरी लावा

युपीएससीसाठी तुलनात्मक राज्यघटनेची चार रविवारची बॅच लावली होती, परवा संपली. अमळनेरहून सकाळची गाडी पकडून जायचो. क्लासचं नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारपण आहे.

चारपैकी तिसरा रविवार सगळ्यात भारी. विषय होता अमेरिकेत राज्याराज्यातले इलेक्टर, म्हणजे लोकांच्या वतीनं शेवटचं मत देणारी निवडलेली माणसं, राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षासाठी मत कसं टाकतात. मी ५३८ इलेक्टर, २७० ला बहुमत एवढंच पाठ करून गेलो होतो. सरांनी फळ्यावर काही लिहिलंच नाही, ११ जणांना पुढे बोलावलं आणि म्हणाले तुम्ही ॲरिझोनाचे इलेक्टर, म्हणजे त्या राज्याचे २ सिनेटर आणि ९ प्रतिनिधी मिळून जेवढे होतात तेवढे, पण त्यांच्यातला एकपण इलेक्टर होऊ शकत नाही, दुसरी माणसं लागतात.

आधी जुन्या पद्धतीनं मतदान घेतलं. प्रत्येकानं दोन नावं लिहायची, पण कोणतं कुठल्या पदासाठी ते लिहायचं नाही. अकराही जण एकाच पक्षाचे, मग काय, दोघांना ११–११! आम्ही एकमेकांकडे बघतोय. सर म्हणाले १८०० च्या निवडणुकीत हेच झालं, जेफरसन आणि ॲरन बर हे उमेदवार एकाच पक्षाचे, दोघांना ७३–७३, शेवटी प्रतिनिधीगृहात ३६ वेळा मतदान घेतलं तेव्हा जेफरसन निवडून आला. म्हणून १८०४ ला अमेरिकेच्या घटनेत बारावी दुरुस्ती आली आणि दोन पदांची मतं वेगळी झाली. मग आम्हाला पांढरी आणि पिवळी चिठ्ठी दिली, आमच्यातल्या एकानं दोन्ही नावं एकाच चिठ्ठीवर लिहिली तर सर अहिराणीतच ओरडले, "भो, दोन चिठ्ठ्या शेतस, एक नही!" पुस्तकात बारावी दुरुस्ती दहादा वाचली असेल, डोक्यात शिरली ती त्या दिवशी.

पुढे मतांचा तक्ता बनवून सहा प्रतींवर सगळ्यांच्या सह्या घेतल्या, कारण खरंच सहा प्रती लागतात, सिनेटच्या अध्यक्षाला, राज्याच्या कार्यालयात, आर्काइव्हजला अशा वेगवेगळ्या ठिकाणी जातात. सगळे इलेक्टर एका जागी जमत नाहीत, आपापल्या राज्यातच मत टाकतात, जसे आपले आमदार राष्ट्रपतीचं मत मुंबईत विधानभवनात टाकतात. इथे सरांनी २००७ चं उदाहरण दिलं, आपल्या जिल्ह्यातल्या प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या ती निवडणूक. आपल्याकडे महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५, तेपण १९७१ च्या लोकसंख्येवर, आणि उपराष्ट्रपतीला आमदाराचं मतच नाही, फक्त खासदार. तिकडे एक इलेक्टर म्हणजे एक मत, आणि दोन्ही पदांसाठी तोच इलेक्टर. शिवाय त्याच्या दोन मतांपैकी एकतरी दुसऱ्या राज्यातल्या माणसाला जायला पाहिजे. २००० ला राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बुश टेक्सासचे आणि त्यांचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार चेनीपण तिथेच राहत होते, म्हणजे टेक्सासच्या इलेक्टरांना दोघांना मत देता आलं नसतं, म्हणून चेनींनी मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. टेक्सासची ३२ मतं होती, गंमत नाही.

आता तक्रार. छापील नोट्समध्ये इलेक्टर डिसेंबरमध्ये सोमवारी जमतात असं आहे. ते जुनं झालं. २०२२ च्या कायद्यानंतर दुसऱ्या बुधवारनंतरचा मंगळवार आहे, २०२४ ला १७ डिसेंबरला झालं. प्रिलिमला असल्या एका ओळीवर मार्क जातात हो. मी सांगितल्यावर सरांनी पुढच्या रविवारी सुधारलेला कागद वाटला, पण नवीन बॅचला तेच जुनं पुस्तक देत होते, हे मला पटलं नाही, फी घेता तर पुन्हा छापा. पक्षाविरुद्ध मत देणाऱ्या इलेक्टरांचा भागपण घाईत उरकला. २०१६ ला असे सात जण होते आणि २०२० ला सुप्रीम कोर्टानं राज्यं त्यांना बांधून घेऊ शकतात असं सांगितलं, एवढ्यावर तास संपवला. आपल्याकडे राष्ट्रपतीच्या मतदानाला व्हीप (पक्षाचा मतदानाचा आदेश) काढता येत नाही, ही तुलना तिथे करायलाच पाहिजे होती.

६ जानेवारीला अमेरिकेच्या संसदेत होणारी इलेक्टरांच्या मतांची मोजणी मात्र नीट समजावली, २०२५ ला हरलेल्या कमला हॅरिसनीच उपराष्ट्राध्यक्ष म्हणून ३१२–२२६ चा निकाल वाचला.

हॉल पत्र्याचा आहे, एप्रिल-मे मध्ये जळगावात काय होतं ते सांगायला नको, तेव्हा थंडीतली बॅच घ्या. चोपडा, पारोळ्याकडच्यांनी परतीची एसटी आधी बघून ठेवा, तिसऱ्या रविवारी तास हमखास लांबतो.